समोर बसून सांगा

श्रवणयंत्रं घरी आली आणि आमच्या यांचं माझ्याशी बोलणं संपलं. म्हणजे तोंड चालू होतं, माझ्याकडे वळणं तेवढं संपलं.

पूर्वी हे शिवणाच्या खोलीत यायचे, टेबलावर हात आपटायचे आणि मी वर बघितलं की मगच बोलायचे. कुरकुरत का होईना, यायचे. आता फ्रीजमध्ये डोकं घालून बोलतात, जिना उतरता उतरता बोलतात. "काय?" म्हटलं की कपाळाला आठ्या. "यंत्र लावलंयस ना?"

यंत्र बसवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुम्हाला यातून काय हवंय?" मी म्हटलं, "चारचौघांच्या बोलण्यात मलाही धरावं, एवढंच." बाईंनी स्पष्ट सांगितलं, "आवाज वाढेल, पण प्रत्येक शब्द कळेलच असं नाही. घरच्यांनी समोर येऊनच बोलायचं." हे यांच्यासाठी होतं. हे मान डोलवत होते, मोबाइलमध्ये बघत.

काल दुपारी मी एका कोटाचं अस्तर लावत होते. मुलगा सुताराला घेऊन खोलीत आला. सुताराने टेप काढला आणि माझं कापायचं टेबल सरळ बाजूला ढकललं.

"हे काय चाललंय?"

मुलगा गोंधळला. "आई, इथं माझं ऑफिस करायचंय ना. शिलाई मशीन विकायचं ठरलंय. बाबा म्हणाले, तू हो म्हणालीस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. याच खोलीत याचा पाळणा पायाने हलवत मी लोकांचे कपडे शिवले होते. यांना हाक मारली. हे आले ते थेट खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून; पण आवाज चढलेला, म्हणून शब्द कळले.

"रविवारी सांगितलं. मी भांडी घासत होतो, तू हं म्हणालीस."

म्हणाले असेन. सारखं "काय?" विचारायची लाज वाटली की मी हं म्हणते. त्या हंचा अर्थ होकार नसतो, हे या माणसाला लग्नापासून ठाऊक आहे. आणि हो, भांडी. उभ्या जन्मात यांनी कधी चमचा विसळला नव्हता.

सुताराला म्हटलं, "जरा बाहेर थांबा." मुलाला पंखा बंद करायला लावला. माझं स्टूल यांच्यापुढे सरकवलं.

"बसा. माझ्याकडे बघा. आता सांगा, माझ्या खोलीचं काय ठरवलंत?"

हे बसले. माझ्याकडे बघितलं. मी सवयीप्रमाणे ओठांवर नजर ठेवली. दोन्ही यंत्रं चालू होती, खोलीत दुसरा आवाज नव्हता. ओठ हलले नाहीत. मग टेबलावरचा खडू उचलून हे त्याच्याशी चाळा करत बसले. मुलगा बापाकडे बघत राहिला.

"नळ मुद्दाम सोडला होतात," मी म्हटलं.

"काय?" हे म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं नाही. टेबल जागेवर ओढलं, यांच्या हातातला खडू काढून घेतला आणि शिलाई मशीन सुरू केलं.