द्राक्षबागेत टांगलेली स्विंगची सीडी

मी सीडी बोलतेय. लग्नात नाचायच्या गाण्यांची नव्हे. तसली असते तर तुम्ही मला डोक्यावर घेतलं असतं. माझ्यात स्विंग जॅझ आहे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि त्या सगळ्यांना झुलवत पुढे नेणारे हंबीररावांचे ड्रम. हे संगीत इथं कुणाला ठाऊक नाही, आणि विचारायची तसदीही कुणी घेतली नाही.

हंबीरराव फौजेच्या बँडमध्ये उभी हयात ड्रम वाजवून तासगावजवळच्या आपल्या गावी परतले. म्हातारपणी जुने सोबती गोळा करून त्यांनी मिरजेत माझं रेकॉर्डिंग केलं. गावानं आपल्याला एकदा ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा. पण त्यांच्या मुलानं, जयराजनं, वडील सीमेवर बंदूक घेऊन उभे असायचे असंच गावभर सांगून ठेवलं होतं.

आम्हा सीड्यांचा खोका घरी आला तेव्हा जयराज फणकारला, “आण्णा, आपण वरातीला बँड लावायचा असतोय, वाजवायचा न्हाई. सोयऱ्याधायऱ्यांत काय तोंड दाखवू?”

“एकडाव ऐक तरी रं,” हंबीरराव म्हणाले.

त्यानं ऐकलं नाही. द्राक्षं भरायला लागली तशी पाखरं बुजावीत म्हणून त्यानं आम्हा सगळ्या सीड्यांना बागेत दोरीनं टांगलं. उन्हात चकाकायचं, हेच आमचं काम! गाढवाला गुळाची चव काय? पाखरं मात्र शहाणी. चार दिवसांत ती माझ्या शेजारी बसून निवांत मणी फोडू लागली. तेव्हा जयराज बापाला म्हणाला, “वाजवायची लय हौस हाय न्हवं? मग बागंत डबा वाजवा.”

मला वाटलं, म्हातारा आता तरी चिडेल. कसला चिडतोय! तेलाचा रिकामा डबा आणि दोन काटक्या घेऊन आला, आणि माझंच पहिलं गाणं वाजवू लागला. त्या लाचारीचा मला संताप आला. पण वाजवलं काय सुरेख! बागेत काम करणाऱ्या बायकांच्या कात्र्यासुद्धा त्या ठेक्यावर चालू लागल्या.

माल बघायला आलेला व्यापारी थबकला. “कोण वाजवतंय ओ?”

“राखणीचा गडी हाय,” जयराज म्हणाला.

“लय भारी! म्हातारबा, कुठं शिकलासा?”

हंबीररावांनी काटक्या खाली ठेवल्या. मुलाकडे बघत म्हणाले, “मालकास्नी इचारा.”

जयराज घड चाचपत राहिला.

त्यानंतर हंबीरराव बागेत आले नाहीत. उन्हानं माझ्यातलं गाणंही जळून गेलंय, आता मला कुणी लावलं तरी खरखरच ऐकू येईल. त्याबद्दल मी रडणार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. त्या बागेतली द्राक्षं बाजारात आली तर खुशाल खा. फक्त गोड आहेत, असं म्हणू नका.