अकरा फेब्रुवारीची फीत

बिस्किटांच्या डब्यात ठेवलेली एक करडी फीत.

पेटंटचा अर्ज, ऑस्लो, १४ फेब्रुवारी १९७१.

'हाव्दीस' बोटीवर चार माणसं.

माझा आवाज : "अकरा फेब्रुवारी. उद्या सकाळी वारा मंद, समुद्र शांत."

पाच वर्षांनी हे सगळं एका खटल्यात आलं. फोन आपोआप उचलून निरोप ऐकवणारं यंत्र आपलं, असं ऑस्लोची कंपनी म्हणते. माझ्या नवऱ्याने, तुरलाइफने, ते चोरलं म्हणे. हरलो तर वर्कशॉप जाणार. जिंकायला एवढंच दाखवायचं : आमचं यंत्र त्यांच्या अर्जाआधी, म्हणजे चौदा तारखेआधी, बंदराच्या फोनवर चालू होतं, आणि कुणीतरी ते ऐकलं होतं.

पण 'हाव्दीस' बारा तारखेला त्या चौघांसकट बुडाली. त्या अपघाताच्या चौकशीत तुरलाइफने शपथेवर सांगितलं होतं, "यंत्र अजून बसवलंच नव्हतं."

वादळाचा इशारा अकराच्या रात्रीच रेडिओवर आला होता. तो मी सकाळी फितीवर भरणार होते.

कोर्टाबाहेरच्या बाकावर गुनवोर बसली होती, 'हाव्दीस'च्या मालकाची विधवा. तिने थर्मासमधली कॉफी मला ओतून दिली.

"तोंड का पाडलंस गं, आस्लाउग? त्या शहरी लोकांना मी सांगते की!"

"काय सांगतेस?"

"त्या पहाटे ह्यांनी बंदराला फोन लावला होता. मी तिथेच त्यांचा डबा भरत होते. म्हणाले, 'ऐक, आस्लाउग पेटीत जाऊन बसलीय!' काय हसले!"

"चौकशीत का नाही बोललीस?"

"बायकांना विचारतात होय कुणी?" तिने झाकण घट्ट फिरवलं. "आवाज तुझाच होता. शब्द तेवढे कळले नाहीत. काय सांगत होतीस गं?"

आतून माझं नाव पुकारलं गेलं.

आवाज माझाच आहे, हे मला सांगायचं होतं. वकिलांनी फीत चढवून ठेवली होती. तुरलाइफ टेबलाकडे बघत होता. गुनवोर माझ्या मागोमाग आली, पहिल्या रांगेत बसली आणि कानावरचा रुमाल तिने मागे सारला.

"बाई, वाजवू?" वकिलांनी विचारलं.

फीत खराब झालीय, असं अजूनही म्हणता आलं असतं.

"वाजवा," मी म्हणाले.

अकरा फेब्रुवारीच्या संध्याकाळी समुद्र खरोखरच शांत होता.