घसा एकशे दहा

घसा एकशे दहा. तोंड दीडशे. वेग सत्तर.

बिंगोच्या पंचाहत्तर लाकडी गोट्या, प्रत्येकीवर एक अक्षर आणि आकडा. शेवटच्या गोटीचा रंग हाताळून उडालेला.

बोलताना या कॉम्प्युटरला चित्र जमत नाही. आवाज सुरू झाला की पडदा काळा.

गळ्याभोवती निळा रुमाल. घरातही सुटत नाही.

कॅनडातल्या थंडर बेच्या चर्चच्या हॉलमध्ये ओरिसियाने बावीस वर्षं दर गुरुवारी बिंगोचे आकडे पुकारले. ऑक्टोबरात डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्र काढलं. तिचा नवरा नेस्टर, कागद गिरणीतला निवृत्त पंप मेकॅनिक, हिवाळाभर तळघरात, टाइप केलेलं बोलून दाखवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमपुढे बसला. बायकोचा आवाज आठवायचा, घसा, तोंड, वेग यांतला एक आकडा बदलायचा, ऐकायचं, पुन्हा बदलायचा.

"वहिनी, करा सुरू," हॉलची व्यवस्था बघणारा पेत्रो म्हणाला. आज कॉम्प्युटरचं बोलणं लोकांना कळलं नाही, तर पुढच्या गुरुवारपासून पुकारणार तोच होता.

ओरिसियाने गोटी काढली, हॉलमध्ये आणलेल्या कॉम्प्युटरवर आकडा टाइप केला. पडदा काळा झाला.

"बी. नऊ."

"अगं बाई, पाणबुडीतून बोलतोय कोण हा?"

"कवळी बसव म्हणावं आधी!"

हॉल खदखदला. ओरिसियाही हसली, आवाजाविना. पण चौथ्या आकड्याला तीन बायकांनी आपापल्या तिकिटावर तीन वेगळ्या आकड्यांची घरं झाकली आणि भांडण जुंपलं.

मग ती रंग उडालेली गोटी निघाली. या आकड्यावर ओरिसिया दर वेळी एक वाक्य जोडायची. नेस्टरने ते गुपचूप घालून ठेवलं होतं.

"ओ. पंचाहत्तर. माझं. वय. नव्हे. हं."

कुणी हसलं नाही. काळ्या काचेत नेस्टरला स्वतःचा चेहरा दिसला आणि मागे रुमालावर गेलेला तिचा हात.

तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं. वाकून कॉम्प्युटर बंद केला आणि गोटी उंच धरून टेबलांमधून चालू लागली.

"ओ पंचाहत्तर!" पहिल्या टेबलावरची म्हातारी ओरडली.

"माझं वय नव्हे हं!" अख्खा हॉल म्हणाला.

पेत्रो खाली बसला. गोटीमागून गोटी वर जात राहिली, हॉल पुकारत राहिला. पन्नास आवाज होते. नेस्टर त्यांत एक शोधत राहिला.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ओरिसियाने विचारलं होतं, "टेपवर काही बोलून ठेवू का रे?" तो म्हणाला होता, "भलतंसलतं काढू नकोस. झोप."