घेवड्याच्या सहा कुंड्या

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि ते खिडकीतल्या कुंड्यांवर वाकले. चाळीस वर्षं त्यांनी या भिंगातून लोकांची घड्याळं पाहिली होती, पण घेवड्याचं रोप पाहायची वेळ येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. कुंड्या सहा होत्या. तीन कुंड्यांत नुसती माती होती आणि उरलेल्या तिन्हींत मातीबरोबर तबेल्यातलं लीदखत कालवलेलं. साध्या मातीतली रोपं ताठ उभी होती. खतातल्या तिन्ही रोपांची पानं मूठ वळावी तशी आत मुडपली होती.

"काय म्हणतात?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अजून नीट कळत नाही."

हे साफ खोटं होतं. वार मंगळवार होता आणि घड्याळजींना सगळं कळून चुकलं होतं.

पाण्याच्या टाकीमागे नगरपालिकेची जमीन होती. तिचे तीस तुकडे पाडून भाजीपाला लावायला लोकांना दिले होते. नंबर लागायला पाच-पाच वर्षं थांबावं लागे. हात थरथरायला लागले तसं घड्याळजींनी दुकान बंद केलं, आणि त्याच वर्षी त्यांचा नंबर लागला. चिमट्यात स्क्रू न धरवणाऱ्या हातांनी खुरपं मात्र झकास धरवत होतं. कापऱ्या हाताने टाकलेलं बी पण उगवतं, हे कळलं त्या दिवशी ते वाफ्याजवळ बसून चक्क रडले होते. या सुखाची किंमत कंबर देत होती आणि बायको देत होती. मेहुणीच्या लग्नातून हे गृहस्थ भर पंगतीतून उठून काकड्यांना पाणी घालायला गेले होते. ते बायकोने अजून माफ केलेलं नाही, आणि करूही नये.

थंडीत त्यांनी ओळखीच्या तबेल्यातून ट्रकभर खत फुकट आणवलं आणि एकेका तुकड्यावर स्वतः गाडी ढकलत वाटलं. वाटताना हात इतका सैल सुटला की स्वतःच्या टोमॅटोच्या वाफ्याला काहीच उरलं नाही. आता झालं असं, की बागेत सगळ्यांचे टोमॅटो आकसले आणि घड्याळजींचेच तेवढे डुलत उभे राहिले. "हातगुण आहे त्यांचा," लोक म्हणाले. घड्याळजींनी ऐकून घेतलं. आवडलंच की.

पण कुणावर तरी खापर फुटायला हवं होतं. अकरा नंबरचा तुकडा शरदात एका नर्सबाईंना मिळाला होता. छातीएवढं तण माजलेला तुकडा, आणि या बाईंनी ड्यूटी सांभाळून महिन्यात एकटीने साफ केला. एकटीने कसा होईल, तणनाशक मारलं असणार, तेच वाऱ्याने सगळीकडे उडालं, असं ठरलं. तणनाशकाला बागेत बंदी होती. नर्सबाईंनी हाताचे फोड दाखवले, ते कुणी पाहिले नाहीत. रविवारच्या बैठकीत त्यांचा तुकडा काढून घ्यायचं घाटत होतं.

बियाण्यांच्या दुकानदाराने घड्याळजींना सहज बोलता बोलता सांगितलं होतं, की कुरणावर रुंद पानांच्या तणाचं औषध मारलं तर ते गवतातून घोड्याच्या पोटात जातं आणि लिदीतून पुढे टोमॅटोसारखी रोपं मारतं. खात्री करायची तर खतात घेवडा लावून बघायचा. म्हणून त्या सहा कुंड्या.

बुधवारी ते बागेत गेले ते सांगायचंच ठरवून. बागेचे अध्यक्ष पूर्वी बस चालवत. सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. ते फाटकातच भेटले.

"रविवारी सोक्षमोक्ष लावू," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "बाकी तुमचे टोमॅटो बघून जीव गार होतो हो."

घड्याळजींचं उघडलेलं तोंड मिटलं.

गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी अकरा नंबरमधला कांदा ओळीच्या ओळी उपटून टाकला. नर्सबाई ड्यूटीच्या कपड्यांतच मातीत बसून एकेक कांदा परत खोचत होत्या. घड्याळजींना पाहून त्या थांबल्या.

"काका, तुम्हाला तरी वाटतं का, मी औषध मारलं असेल?"



"बघू," ते म्हणाले. "रविवारी बोलू."

शनिवारी कुंड्यांना पाणी घालता घालता बायको थांबली. "सांगणार नसाल तर फेकून तरी द्या या. मला रोज यांच्याकडे बघायची लाज वाटते."

"सांगितलं तर मला काढतील बागेतून."

"मग घरी बसा."

"घरी बसून काय करू?" घड्याळजींनी दोन्ही हात तिच्यासमोर धरले. बोटं थरथरत होती. तिने त्या हातांकडे पाहिलं, मग कुंड्यांकडे पाहिलं, आणि फळांचं एक रिकामं खोकं आणून त्यांच्या पायाशी ठेवलं.

रविवारची बैठक अवजारांच्या खोलीत होती. घड्याळजी पोचले तेव्हा ड्रायव्हरसाहेब ठराव वाचत होते. नर्सबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना बसायला कुणी जागा दिली नव्हती.

"ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा."

दहा-बारा हात वर गेले. घड्याळजींनी खोकं टेबलावर ठेवलं. हात इतके कापत होते की कुंड्या एकमेकींवर आपटून वाजल्या आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. ट्रक, तबेला, घोडे, घेवडा, सगळं. आपले टोमॅटो हातगुणाने नाही तर खत संपल्यामुळे वाचले, हेसुद्धा.

  मग ड्रायव्हरसाहेब एकदम मोकळं हसले.

"अहो, मग सांगायचं ना. तुम्ही काय मुद्दाम केलंत? आपल्याच माणसाच्या हातून चूक झाली, झाली. खत काढून टाकू. विषय संपला."

माना डोलल्या. कुणीतरी घड्याळजींच्या खांद्यावर थोपटलं. खरं सांगायचं तर घड्याळजींना त्या क्षणी निव्वळ आनंद झाला. बाग राहिली. दाराशी उभ्या बाईकडे अजून कुणीच पाहिलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"काका," नर्सबाईंनी विचारलं, "ही पानं कधी मुडपली?"

खोटं बोलता आलं असतं. भिंगातून काय दिसलं ते एकट्या त्यांनाच माहीत होतं.

"मंगळवारी."

"माझा कांदा गुरुवारी उपटला."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. ड्रायव्हरसाहेबांनी घसा साफ केला आणि पुढचा विषय घेतला, नळदुरुस्तीचा.

घड्याळजी उठले. भिंतीजवळचं फावडं घेतलं, एकचाकी गाडी घेतली आणि अकरा नंबरवर गेले. नर्सबाई कांद्याच्या ओळीत बसल्या होत्या.  घड्याळजींनी त्यांचा टोमॅटोचा वाफा हातभर खोल खणला आणि खताची माती गाडीत भरून फाटकाबाहेर नेऊन टाकली. सात गाड्या झाल्या. खाली नुसता खड्डा राहिला.

मग ते आपल्या तुकड्यावर गेले. टोमॅटो कमरेएवढे झाले होते, हिरवी फळं लगडली होती. ती माती बागेतली एकच निर्दोष माती होती. त्यांनी पहिलं रोप मुळापासून धरलं आणि उपटलं. मग दुसरं. बैठक संपवून लोक बाहेर आले आणि कडेला थबकले. "अहो, हे काय करताय," असं कुणीतरी म्हणालं. घड्याळजी उपटत राहिले. सगळी रोपं निघाल्यावर त्यांनी माती भरायला घेतली आणि अकरा नंबरच्या खड्ड्यात आणून ओतू लागले.

चौथ्या गाडीला कमरेतून कळ आली. ते फावड्यावर ओणवे होऊन थांबले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सावली पडली म्हणून वर पाहिलं तर नर्सबाई उभ्या होत्या.

"गुडघ्यात वाका," त्या म्हणाल्या. "कमरेत नको."

आणि त्या परत कांद्याच्या ओळीत जाऊन बसल्या. घड्याळजी गुडघ्यात वाकले आणि त्यांनी पुढचं फावडं भरलं.