काचेवरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे, पण माझ्यात बसायला कुणी धावू नका. मी जेमतेम वीतभर लांब आहे, प्लॅस्टिकची आहे, आणि माझं इंजिन म्हणजे नुसता देखावा. ऐट मात्र खऱ्या गाडीची होती.

मी सुट्या भागांच्या रूपात एका खोक्यातून आले. लेथवर काम करणाऱ्या एका गृहस्थाने ते खोकं आपल्या लेकीसाठी आणलं. सुट्टीच्या दिवशी दोघं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसायची. बाप भाग चिकटवायचा, लेक रंगवायची. मला लाल रंग देता देता ती स्वतःच्या नाकालाही द्यायची, म्हणून तो तिला ‘ठमाबाई’ म्हणून चिडवायचा.

समोरची प्लॅस्टिकची काच बसवताना घोळ झाला. बापाच्या अंगठ्याला गोंद लागला होता आणि तोच अंगठा काचेवर टेकला. हा गोंद प्लॅस्टिक विरघळवतो. ठसा काचेत कायमचा उमटला, लेथवर झालेल्या जुन्या जखमेच्या आडव्या रेघेसकट.

“केलं की नाही शेवटी वाटोळं?” बाप हळहळला.

“राहू दे ना बाबा,” लेक म्हणाली. “आपली गाडी लगेच ओळखू येईल.”

पुढे बाप आजारी पडला आणि गेला. लेक मला हातात घ्यायची, त्या ठशावर आपला अंगठा टेकवायची आणि जागेवर ठेवायची. घरात बापाचे फोटो होते, पण हाताला लागेल असं त्याचं एवढंच उरलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

तिचं लग्न झालं, घरं बदलली. सामान हलवताना माझा बंपर तुटला, एक चाक निखळलं, रंग विटला. एकदा मला मांडीवर घेऊन ती रडताना तिच्या नवऱ्याने पाहिलं. माणूस सोन्यासारखा. त्याला वाटलं, गाडी मोडली म्हणून रडते. तिच्या नकळत तो मला जुन्या मॉडेलगाड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेला.

कारागिराचा हात हलका होता. त्याने जुना रंग उतरवला, सांधे पातळ पात्याने सोडवले, बंपर नवा घडवला. मग काच उजेडाकडे धरून त्याने विचारलं, “डाग खोल गेलाय. घासला तर निघेल. काढू?”

“काढा की,” नवरा म्हणाला. “करायचं तर नीटच करू.”

मला ओरडायचं होतं. पण इंजिन खोटं, तसा हॉर्नही खोटाच. ओल्या पॉलिशपेपरने आधी ती रेघ गेली, मग ठसा गेला. वर टूथपेस्ट चोळून त्याने काच लख्ख केली.

नवऱ्याने मला तिच्या हातात दिलं. तिने मला उजेडाकडे धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

“सुंदर झालीये,” ती म्हणाली.

आता मी काचेच्या कपाटात असते. सगळे माझी तारीफ करतात आणि मला ती नकोशी होते. तो कामावर गेला की ती कपाट उघडते आणि माझ्या काचेवर आपला अंगठा दाबून धरते. संध्याकाळी त्याला काचेवर डाग दिसतो. तो मऊ फडकं आणतो आणि मायेने पुसून टाकतो.

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा. फक्त हात लावण्याआधी त्या माणसाला विचारा, यातलं काय तसंच राहू द्यायचं?