पिकअपमधली बाळंतीण

करवंदपाड्याची कुत्री घाटापलीकडे सोडून यायचं काम मुकेशच्या गळ्यात पडलं, कारण पाड्यात पिकअप त्याच्या एकट्याकडेच होती.

दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी घरं वीटभट्टीवर कामाला जात. माणसं जात, कुत्री मागे राहत, आणि उपाशी पोटी कुणाच्याही खुराड्याभोवती घुटमळत. यंदा लाडक्याच्या कोंबड्या गेल्या, अंगणवाडीच्या वाटेवर पोरं घाबरायला लागली, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की कुत्री लांब नेऊन सोडायची. मुकेशला ते पटलं नव्हतं. पण सगळ्यात मोठा आवाज लाडक्याचा होता, आणि लाडक्या त्याचा सख्खा काका.

सकाळी सुक्या बोंबलाच्या वासावर कुत्री आपणहून पिकअपमध्ये चढली. काका पुढे मुकेशशेजारी बसला. खोडाळा गाव मागे पडलं आणि कुत्र्यांचा गलका एकदम थांबला. मुकेशने गाडी कडेला घेऊन पाहिलं, तर पिवळी कुत्री ताडपत्रीवर आडवी झाली होती. पोटाशी एक ओलं पिल्लू वळवळत होतं. बाकीची कुत्री शहाण्यासारखी कोपऱ्यात दाटीने उभी होती.

दुसरं पिल्लू त्यांच्या डोळ्यांदेखत आलं. तिसरं मात्र अडलं. पिवळी धापा टाकायला लागली, आणि तिने मान उचलून काकाकडे पाहिलं.

काका मागे चढला. तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाला, "जव्हारला घे. सावकाश, खड्डे चुकवून."

जव्हारच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर प्रतिभा मॅडमनी तिसरं पिल्लू सोडवलं. तेही जिवंत निघालं. हात धुताना त्यांनी सहज विचारलं, एवढी कुत्री घेऊन कुठे निघालात? काकाने खरं ते सांगून टाकलं.

मॅडम रागावल्या नाहीत. पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मोकळ्या कुत्र्यांचीही नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून उचलली तिथेच परत सोडायची, असा नियम आहे. ही घालवलीत तर दुसरी येतील, तीही लस नसलेली.

"तुमची कुत्री वाईट नाहीत काका," त्या म्हणाल्या, "उपाशी आहेत."

सगळ्या मोठ्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतली. नसबंदीचं शिबिर पाड्यातच लावायचं ठरलं. संध्याकाळी पिकअप परतली, तेव्हा गेली त्याहून जास्त कुत्री उतरलेली पाहून बाया तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. काकाची बायको हौशी तर हसून हसून ओट्यावर बसली.

ग्रामसभेत या वेळीही सगळ्यात मोठा आवाज लाडक्याचाच होता. भट्टीवर जाणाऱ्याने आपलं कुत्रं कुणाच्या घरी ठेवलं ते सभेत सांगून जायचं, दरवर्षी लस टोचायची, शिबिराला कुत्रं आणायला कुणी मागे राहायचं नाही, असं त्याने मांडलं.

पाड्यातला ढवळू म्हणाला, "पिवळी तर फागूची. तो केव्हाच भट्टीवर गेला. तिचं काय?"

"फागू येईतो माझी," लाडक्या म्हणाला.

"नि कोंबड्या?" हौशीने मागून विचारलं.

"खुराड्याला नवं दार बसवतो."

सभेत हशा पिकला, पण हात सगळ्यांचे वर झाले.

शिबिर झालं. ज्यांची माणसं भट्टीवर होती त्यांची कुत्री शेजाऱ्यांनी दोरीला बांधून आणली. उरलेल्या भाकरीवर आता कुत्र्याचाही हक्क झाला, आणि अंगणवाडीची पोरं वाटेत त्यांना नावाने हाका मारू लागली.

शिमग्याला फागू घरी आला. काकाने पिवळी त्याच्या हवाली केली. दोन पिल्लं शेजाऱ्यांनी मागून नेली. तिसरं, ते अडलेलं, काकाने कुणालाच दिलं नाही.