मुठीतला फ्यूज

माझ्या गाडीची किल्ली महिनाभर माझ्या मुलाच्या खिशात होती, आणि घरात सगळे असे वागत होते की जणू ती कायम तिथेच असायची. गाडी माझी. एकतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग केलं आणि निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली. सेकंडहँड, पांढरी, मागच्या दाराला पोचा आलेली. चालवायला मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. शिकवणारा पोरगा पहिल्या दिवशी देवाचं नाव घेत बसला होता, तिसऱ्या दिवशी गाणी ऐकत बसला.

दर बाजाराच्या दिवशी मी इंदिरानगरहून हरसूलला जाते. तिथे माझी थोरली बहीण गोजराबाई राहते. तिच्यासोबत बाजार करायचा, तिच्या हातची नागलीची भाकरी खायची, आणि दिवेलागणीला परत निघायचं. मागच्या महिन्यात परत येताना एका वळणावर काळा बैल रस्त्यातच बसलेला होता. मला दिसला तोवर फार जवळ आला होता. मी गाडी सरळ रस्त्याकडेच्या चारीत घातली. बैल उठलासुद्धा नाही. मला खरचटलं नाही, फक्त बंपर फुटला.

हर्षल, म्हणजे माझा मुलगा, मला घ्यायला आला आणि तेव्हाच त्याने किल्ली काढून घेतली. म्हणाला, आता पुरे. माझे डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. मी हर्षलला म्हटलं, माझे डोळे चांगले आहेत, गाडीचे दिवे वाईट आहेत. आपण पुढे दोन जास्तीचे दिवे लावू. त्याने ते ऐकलंच नाही. पुढच्या रविवारी दहा वाजता गाडी बघायला गिऱ्हाईक येणार, असं त्याने सांगून टाकलं.

मग मी ऐकणार होते होय? द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात जाऊन मी दोन दिवे घेऊन आले. दुकानदार म्हणाला, मावशी, मी बसवून देतो, डायरेक्ट वायर टाकतो आणि वेगळं बटण देतो. डिपर मारला तरी हे चालूच राहतील, समोरचा आपोआप बाजूला होतो. मी त्याला विचारलं, समोरचा बाजूला होऊन जातो कुठे? हरसूलच्या रस्त्याला एका बाजूला दरी आहे. तो हसला. मी दिवे उचलले आणि बाहेर पडले.

दिवे अप्परबरोबरच, म्हणजे लांबच्या झोताबरोबरच, लागले पाहिजेत आणि डिपर मारून झोत खाली केला की विझले पाहिजेत. त्यात काही मोठी विद्या नाही. अप्परच्या वायरीतून फक्त इशारा घ्यायचा. तो इशारा मिळाला की रिले, म्हणजे आपोआप चालणारा छोटा स्विच, दिव्यांना थेट बॅटरीतून करंट देतो, आणि बॅटरीजवळ एक फ्यूज बसवायचा, म्हणजे काही बिघडलं तर गाडी पेटण्याऐवजी तो उडतो. चार दिवस मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून काम केलं. किल्ली हर्षल कामापुरती सकाळी द्यायचा आणि संध्याकाळी परत मागून घ्यायचा, परीक्षेच्या दिवसांत पोरांचा मोबाईल घेतात तशी. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मी नंबरचे फेरूल, म्हणजे छोटे छल्ले, चढवले. गाडीच्या वायरींना नंबर कोणी घालत नाही, पण माझ्या हाताला तीच सवय आहे. येणारेजाणारे थांबून बघत होते. एकीने विचारलं, मिस्तरी नाही का मिळाला? मी म्हटलं, मिळाला की, सतरंजीवर बसलाय.

काम झाल्यावर हर्षलने अट घातली. सावळीराम काकांना दाखवू. ते चांगलं म्हणाले तर गाडी तुझी, नाही म्हणाले तर रविवारी गिऱ्हाइकाला देऊन टाकू. माझ्याच गाडीवर त्याची अट, आणि तीही सावळीरामच्या तोंडून! मी हो म्हटलं आणि मग रात्रभर स्वतःवर चिडत राहिले.

सावळीराम कोण, ते सांगते. तो माझ्यानंतर पाच वर्षांनी कारखान्यात लागला. वायरीचं टोक कसं सोलायचं हे मी त्याला शिकवलं. तेव्हा तो मला अक्का म्हणायचा. पुढे तो इन्स्पेक्टर झाला, मी वायरिंगच्या टेबलावरच राहिले, आणि मी त्याला साहेब म्हणायला लागले. आमच्याकडे आपलं काम आपणच पास करायचं नाही, असा नियम होता. वायरमनने पॅनेलचा फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवायचा. इन्स्पेक्टरने येऊन तो मागायचा, प्रत्येक वायर ओढून बघायची, मग आपल्या हाताने फ्यूज बसवून पॅनेल चालवायचं. सगळं ठीक असेल तर स्क्रूवर लाल खूण करायची.

पुरुषांचे फ्यूज सावळीराम मागायचा. माझ्याकडे मात्र त्याने कितीदा तरी मागितलाच नाही, आणि फ्यूज माझ्या खिशात असतानाच, म्हणजे पॅनेल न चालवताच, त्याला रिजेक्टची चिठ्ठी लागायची. एकोणीस वर्षं हे चाललं. इन्स्पेक्टरच्या जागेसाठी मी तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा त्या चिठ्ठ्या मोजून मला परत पाठवलं. मी कुणाकडे बोलले नाही, कारण नवरा वारलेला होता, हर्षल शाळेत होता आणि नोकरी टिकवायची होती. हे मी हर्षललाही कधी सांगितलं नाही. त्याला काका म्हणजे दिवाळीला फटाके आणणारा माणूस.

रविवारी सकाळी सातला मी हर्षलकडून किल्ली घेऊन पार्किंगमध्ये गेले, फ्यूज काढून मुठीत धरला आणि किल्ली त्याला परत दिली. कोणाला फसवायला नाही. तपासणीआधी काढतात म्हणून काढला.

सावळीराम साडेनऊला आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. हर्षलने त्याच्या हातात किल्ली दिली आणि चहा आणायला वर गेला. मी बॉनेट उघडून दिलं. सावळीरामने हात पाठीमागे बांधून आत नजर टाकली. कुठल्याही वायरीला बोट लावलं नाही, गाडीत बसला नाही. मग मोबाईल काढून कुणाशी तरी लग्नाच्या तारखेबद्दल बोलत उभा राहिला. मी मूठ वळून शेजारी उभी होते. मनात म्हणत होते, माग. एकदा तरी माग.

हर्षल चहा घेऊन आला. त्याच्या मागे तेजस्विनी, माझी सून, बिस्किटं घेऊन आली. सावळीरामने घोटभर चहा घेतला आणि मान हलवली.

“वायर लय बारीक हाय. रिले तापणार. अन् मेन म्हंजे डिपर मारला तरी दिवे जळतच राहत्यात. समोरच्यानं काय करावं? हर्षल, बाईमाणसाचं काम नाय हे. इकून टाक गाडी.”

हर्षलने विचारलं, “काका, लावून बघितलंत?”

“बघितलं ना. तू वर गेला तवा. अप्परला बी चालू, डिपरला बी चालू.”

हर्षल माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर माझी कीव होती आणि तीच मला सहन झाली नाही. मी मूठ उघडून त्याच्यासमोर धरली.

“हा त्या दिव्यांचा फ्यूज,” मी म्हटलं. “सातपासून माझ्या हातात आहे. आता गाडीत बस आणि दिवे लावून दाखव.”

हर्षलने सावळीरामकडून किल्ली घेतली आणि आत बसला. अप्पर लावला. गाडीचे दिवे भगभगीत लागले, माझे दोन्ही काळेच. त्याने डिपर मारला, पुन्हा अप्पर. चारपाच वेळा केलं. मग तो उतरला आणि काकांकडे वळला.

सावळीराम म्हणाला, गडबडीत दुसरंच काही दिसलं असेल.

“गडबड नव्हती,” मी म्हटलं. “एकोणीस वर्षं माझा फ्यूज खिशात असायचा आणि माझ्या कामाला चिठ्ठी लागायची. तेव्हा मला घर चालवायचं होतं म्हणून तुला साहेब म्हटलं. आज तुला साहेब म्हणायचं मला काही कारण नाही. सावळीराम, फ्यूज माग.”

त्याने कप बॉनेटच्या कडेला ठेवला. मी तो उचलून खाली ठेवला; माझ्या गाडीवर कप ठेवायचा नाही. मग त्याने माझ्यापुढे हात पसरला.

“अक्का, फ्यूज द्या,” तो म्हणाला.

मी दिला. त्याने बाह्या सरसावल्या आणि खरोखर तपासायला लागला. एकेक वायर ओढून बघितली, फेरूलचे नंबर दोन्ही टोकांना ताडून पाहिले, फ्यूज बसवला. हर्षलने अप्पर लावला. समोरची भिंत पांढरी झाली. डिपर मारला, माझे दिवे विझले. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच. शेवटी सावळीरामने बॉडीला टाकलेल्या अर्थिंगच्या वायरीचा स्क्रू चाचपला आणि म्हणाला, हा अर्ध्या आट्याने ढिला आहे. मी हात लावून पाहिला. खरंच ढिला होता. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. मी स्क्रूड्रायव्हर आणून तिथल्या तिथे स्क्रू आवळला. एवढंच तर हवं होतं मला एकोणीस वर्षं.

लाल खुणेला रंग नव्हता. तेजस्विनी धावत वर गेली आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. सावळीरामने एकेका स्क्रूवर खूण केली. बिस्किटं न खाताच तो गेला.

तेवढ्यात हर्षलचा फोन वाजला. गिऱ्हाईक गेटवर आलं होतं. हर्षल किल्ली हातात धरून उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला, मी मागण्याची वाट बघत.

मी मागितली नाही. त्याच्या बोटांतून काढून घेतली.

“आता त्या माणसाला काय सांगू?” त्याने विचारलं.

“खरं ते सांग,” मी म्हटलं. “गाडी तुझी नव्हती.”